पुढे कोण उभं राहणार

आमच्या स्वयंपाकघराची मागची भिंत आणि मशिदीची भिंत एकच होती. कल्याणला खाडीच्या बाजूला आमचा मोहल्ला, आणि मशिदीला चिकटून इमामाचं घर. माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, त्या मशिदीचे इमाम होते, त्यांच्या आधी त्यांचे वडील होते. मला घड्याळ फार उशिरा कळायला लागलं, कारण त्याची गरजच नव्हती. भिंतीतून दुपारची बांग आली की भात उतरवायचा, सूर्यास्ताची, मगरिबची आली की कंदिलाच्या काचा पुसून झालेल्या असल्या पाहिजेत. दादा नमाज पढवायला उभे राहण्याआधी एकदा खाकरायचे. तेवढं खाकरणं ऐकलं की मी आणि माझी चुलत बहीण रुकैया, आम्ही काय खेळत असू ते थांबवायचो. मग दादांचा 'अल्लाहु अकबर' भिंतीतून यायचा आणि मांडणीवरच्या पितळी थाळ्याला बोट लावलं तर तो किंचित थरथरताना लागायचा. रुकैया म्हणायची, "बघ, थाळा पण नमाज पढतो."

घरात दादा-दादी, अब्बा-अम्मी आणि मी, आणि माझे इलियासचाचा, चाची आणि रुकैया. चूल एक. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दादी सांदणं करायची. तांदळाचा रवा नारळाच्या पाण्यात आंबवायचा, त्यात नारळाचं दूध, आणि मग वाट्या-वाट्यांतून वाफवायचा. वाफेचा तो गोडसर, आंबूस वास मशिदीपर्यंत जायचा. जुम्म्याची नमाज झाली की पुरुष माणसं घरी यायची आणि मोठ्या थाळ्याभोवती बसायची. आमच्यात सगळे एकाच थाळ्यात जेवतात. दादा, अब्बा, चाचा, आणखी कोणी आलं-गेलं, सगळ्यांचे हात एकाच थाळ्यात. आता माझ्या मुलाच्या ठाकुर्लीच्या घरात प्रत्येकाची प्लेट वेगळी असते. स्वच्छतेला ते बरंच आहे, मी काही म्हणत नाही. पण वेगळ्या प्लेटीत आपल्याला किती मिळालं हे दिसतं. थाळ्यात ते दिसत नाही.

मी चौथीपर्यंत मराठी शाळेत गेले. पुढची शाळा लांब होती आणि मोठ्या मुलीने एवढं चालत जायचं नाही असं ठरलं. त्याच सुमाराला दादांचा आवाज गेला. घशाचा आजार होता. बाजारात अब्बांचं छत्र्या दुरुस्तीचं लहानसं दुकान होतं. ते दुकान बंद करून नमाजेला यायचे आणि दादांच्या जागी उभे राहायचे. अब्बा मदरशात गेलेले नव्हते. जे काही येत होतं ते दादांच्या मागे उभं राहून, ऐकून आलेलं. पण आवाज हुबेहूब दादांचा. खाकरणंसुद्धा तेच. चाचांचं तसं नव्हतं. ते लहानपणीच बाहेरगावी मदरशात गेले, आलिम म्हणजे धर्माचे जाणकार झाले, सनद घेऊन आले आणि भिवंडीकडे मुलांना शिकवायचे. त्यांचा आवाज बारीक, पण एकेक अक्षर मोजून-मापून. दादा आजारी असताना चाचा घरी असले की अब्बांच्या मागे पहिल्या सफेत, म्हणजे पहिल्या रांगेत उभे राहायचे. तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. त्यांना स्वतःलाही नाही.

दादा गेले आणि मग लोकांना वाटायला लागलं. मोहल्ल्यातले अर्धे म्हणाले, इमामाचा थोरला मुलगा, इतके दिवस पढवतोय, तोच इमाम. अर्धे म्हणाले, घरात सनदवाला आलिम असताना छत्रीवाला कशाला? 'छत्रीवाला' हा शब्द कोणीतरी वजूच्या हौदावर हात-पाय धुताना बोललं आणि तो अब्बांपर्यंत पोहोचला. उलट बाजूच्या कोणीतरी म्हटलं, "सनद काय, कागद आहे. भिजला की गेला. छत्री तरी पावसात उपयोगी पडते." लोक हसले. ते हसणं चाचांपर्यंत पोहोचलं. मला वाटतं, भांडण मशिदीचं होतं ते त्या दोन वाक्यांनंतर घरचं झालं.

मग एकाच मशिदीत दोन जमाती, म्हणजे एकाच वेळच्या दोन सामुदायिक नमाजा, व्हायला लागल्या. आधी चाचांची, ती सलाम फेरून उठली की अब्बांची. भिंतीतून आम्हाला एकेका नमाजेचा 'अल्लाहु अकबर' दोनदा ऐकू यायचा, आधी बारीक आवाजात, मग जाड आवाजात. अम्मी आणि चाचीने चूल वेगळी केली. मधल्या दाराला चाचीच्या बाजूने लाकडी कपाट टेकवून ठेवलं. वीट कोणी रचली नाही. दादी म्हणाली होती, "वीट घातलीत तर मी अंगणात झोपेन." दादीला एका बाजूला राहायला सांगितलं, तर तिने दोन्ही बाजू धरल्या. सकाळी आमच्याकडे भाकरी खायची, संध्याकाळी अंगणातून वळसा घालून चाचीकडे. रुकैया आणि मी दुपारी कपाटाच्या मागच्या फटीत तोंड घालून बोलायचो. तिच्या बाजूने डांबरगोळ्यांचा वास यायचा. अजूनही तो वास आला की मला ती कुजबुजतेय असं वाटतं.

ठाण्याला दावा पडला, मशिदीचा इमाम कोण यावर. तारखेच्या दिवशी अब्बा आणि चाचा दोघांना जावं लागायचं. कचेरीच्या वेळेला पोहोचवणारी गाडी एकच, त्यामुळे दोघं तिनेच जायचे, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. दादीने एक गोष्ट केली. ती दोघांसाठी डबा एकच द्यायची, आणि तो चाचांच्या हातात द्यायची. पाण्याची सुरई अब्बांच्या हातात. फुपी, म्हणजे अब्बांची बहीण, माहेरी आली होती. ती हे बघून म्हणाली, "अल्लाने तुम्हाला आई एकच दिली. वकील मात्र दोन दिले." दोघंही डबा आणि सुरई घेऊन निघाले. एकदा मला डोळे दाखवायला ठाण्याला नौपाड्यात नेलं होतं, म्हणून मीही त्या गाडीत होते. कचेरीच्या आवारात झाडाखाली त्यांनी डबा उघडला. भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी. चाचांनी भाकरी मोडून अर्धी अब्बांपुढे ठेवली. अब्बांनी सुरईतलं पाणी झाकणात ओतून त्यांना दिलं. "तिखट झालीय," चाचा म्हणाले. "आईला आता दिसत नाही नीट, मिरची हातानेच घेते," अब्बा म्हणाले. मग कोणीतरी नाव पुकारलं. दोघं हात झटकून आत गेले आणि समोरासमोर उभे राहिले. पुढची तारीख पडली.

समेट करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पुष्कळ झाले. मोहल्ल्यात सुलेमान हाजी म्हणून एक वयस्क, शांत गृहस्थ होते, दोन्ही बाजूंना चालणारे. त्यांच्या ओट्यावर बैठक बसायची, बोलणी चांगली चालायची. पण दर वेळी एकच अडचण यायची, आणि ती कोणाच्या वाईटपणाने यायची नाही. बैठक बसायची असरनंतर, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजेनंतर, कारण तेव्हा माणसं कामावरून मोकळी. बोलता बोलता मगरिबची बांग व्हायची. मगरिबला वेळ थोडा, लगेच उठावं लागतं. नमाज एकट्याने पढता येते, पण पुरुष माणसं जमलेली असली की जमातीने पढायची, आणि जमातीत कोणीतरी एकजण पुढे उभा राहायला हवा. मग कोण? सुलेमान हाजी स्वतः पुढे व्हायला तयार नसत. म्हणत, "हे दोघं असताना मी उभा राहिलो तर तिसरं भांडण माझं." ज्या गोष्टीचा फैसला करायला बसले तीच गोष्ट बांगेबरोबर दारात येऊन उभी राहायची. मग अर्धे एका आवाजामागे जायचे, अर्धे दुसऱ्या. आणि एकदा वेगळ्या सफेत उभं राहून आलेली माणसं परत एका चटईवर बसत नाहीत.

हे दादीच्या लक्षात आलं. ती एक दिवस सुलेमान हाजींना पडद्याआडून म्हणाली, "भाईसाहेब, तुम्ही बसता तीच वेळ चुकीची. सकाळी बसा. पहाटेची फजर झाली की दुपारच्या जोहरपर्यंत अल्लाने कसलीच हाक ठेवली नाही. सगळी सकाळ आहे. माझ्या घरात बसा, मी सांदणं करते."

हाजी हसले. म्हणाले, "भाभी, आम्हाला हे आधी का सांगितलं नाही?"

"आधी विचारलं कोणी?" दादी म्हणाली.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं. कपाट सरकवलं होतं. चाची आमच्या चुलीपाशी आली आणि नारळ खवायला बसली. अम्मीने आपल्या खालचा पाट तिच्याकडे सरकवला. रुकैया आणि मी वाट्यांना तेलाचं बोट लावत होतो. दादीच्या अंगात त्या दिवशी वेगळंच बळ आलं होतं. आम्हाला म्हणाली, "पोरींनो, मला दुसरं काही नको गो. माझी दोन्ही पोरं एका सफेत उभी बघायची आहेत. जिवंतपणी नाही तर मेल्यावर तरी दिसेल. माझा जनाजा समोर ठेवला की काय करतील? जनाजा काय दोनदा असतो? तेव्हा एकाला पुढे आणि एकाला मागे व्हावंच लागेल." चाची म्हणाली, "असलं सकाळी बोलू नका." पण दादी हसत होती. तिला वाटत होतं, तिच्याकडे अजून एक उपाय शिल्लक आहे.

बाहेरच्या खोलीत माणसं बसली. मी दाराच्या पडद्यामागे उभी होते. बाहेरच्या माणसांसमोर मला कधीच जाता आलं नाही, आजही जमत नाही. पण पडद्यामागे मी तासन्‌तास उभी राहू शकते. थाळा मध्ये ठेवला. अब्बा आणि चाचा शेजारी शेजारी बसले नव्हते, पण थाळा गोल असतो. दोघांनी एकाच वेळी हात पुढे केला, एकाच सांदणाला हात लागला, आणि दोघांनी मागे घेतला. चाचांनी ते उचलून अब्बांपुढे ठेवलं. मी आत बघितलं. दादी पडद्याच्या दुसऱ्या कडेने बघतच होती.

बोलणी इतकी पुढे कधीच गेली नव्हती. जुम्मा चाचांनी पढवायचा, रोजच्या नमाजा अब्बांनी, असं निघालं. अब्बा म्हणाले, "मला चालेल." चाचा म्हणाले, "थोरले म्हणतील तसं." मग ठाण्याच्या दाव्याचं निघालं. दावा दोन्हीकडून होता. तो मागे कोणी आधी घ्यायचा? अब्बांच्या बाजूचे एकजण म्हणाले, "आम्ही आधी घेतला तर आमचं खोटं होतं असा अर्थ होईल." चाचांच्या बाजूचे म्हणाले, "मग आमचं खोटं होतं का?" सुलेमान हाजी म्हणाले, "दोघांनी एकाच दिवशी घ्या." तर कचेरीत पहिलं नाव कोणाचं पुकारतील यावर आलं. अब्बा आणि चाचा बोलत नव्हते, त्यांच्या मागचे बोलत होते. मला आता वाटतं, ते दोघं एकटे असते तर डबा खाल्ला तसा तोही प्रश्न झाडाखाली मिटला असता. पण त्यांच्यामागे जी माणसं उभी होती ती एवढे दिवस त्यांच्यासाठी भांडली होती, शेजाऱ्याशी बोलणं टाकलं होतं, कोणी सोयरीक मोडली होती. तुमच्यासाठी ज्याने एवढं मोडलंय त्याला आता 'काही नव्हतंच' असं कसं सांगायचं?

असं करता करता सगळी सकाळ संपली. दादीने मोजलेली सगळी मोकळी सकाळ. आणि भिंतीतून जोहरची बांग आली.

बांग संपेपर्यंत कोणी कोणाकडे बघेना. मग अब्बा उठले, चाचाही उठले, आणि दोघं उंबऱ्यापाशी एकदमच पोहोचले. तिथे थांबले. मी पडद्यामागून अब्बांचा चेहरा अगदी जवळून बघत होते. ते चाचांकडे वळले, त्यांनी तोंड उघडलं. काहीतरी बोलणार होते. इतक्यात मागून त्यांचाच माणूस म्हणाला, "चला इमामसाहेब, वेळ होतेय." तो अब्बांना म्हणाला होता. चाचांनी मान खाली घातली आणि चपला घालून पुढे निघून गेले. थोड्या वेळाने भिंतीतून बारीक आवाज आला, आणि तो संपल्यावर जाड आवाज. नमाजेनंतर परत बसू असं ठरलं होतं. कोणी आलं नाही. दादीने दुपारभर सांदणांवर ओलं फडकं ठेवलं, मग काढून टाकलं. संध्याकाळी चाचीने कपाट पुन्हा दाराला लावलं. तिला ते एकटीने सरकत नव्हतं, म्हणून ह्या बाजूने अम्मीने दार दाबून धरलं.

त्या थंडीत दादी गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. आधी चाचा आले, अंगणातून धावत, अनवाणी. मग दुकानातून अब्बा. दोघं तिच्या पायाशी बसून रडले, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रडले. कोणीतरी कपाट ढकललं, दार सताड उघडलं. बायकांनी दादीला शेवटची आंघोळ घातली, मी आणि रुकैयाने पाणी दिलं. एक हंडा दोघींनी दोन बाजूंनी धरलेला. रुकैया मला हळूच म्हणाली, "दादी म्हणाली होती ना, आज होणार बघ." मलाही तसंच वाटत होतं. दुःखात मला जरा आनंदच होत होता, हे लिहायला विचित्र वाटतं, पण तसंच होतं.

जनाजा मशिदीच्या अंगणात नेला. बायका तिथे जात नाहीत. आम्ही सगळ्या स्वयंपाकघरात भिंतीला लागून बसलो. फुपीने भिंतीला हात लावला होता. बराच वेळ काही ऐकू आलं नाही, नुसती कुजबुज. मग आवाज चढले. एकजण म्हणत होता, आईच्या जनाज्यावर थोरल्या मुलाचा हक्क. दुसरा म्हणत होता, इमाम हजर असताना इमामाचा हक्क. मग पुन्हा, इमाम कोण? फुपीने बाहेर एकाला पाठवून निरोप दिला, "त्यांना सांगा, आईची शेवटची इच्छा होती, दोघं एका सफेत." निरोप पोहोचला की नाही मला माहीत नाही. पोहोचला असेल. कारण त्यानंतर थोडा वेळ अगदी शांत झालं. मग कोणीतरी, चांगल्या मनानेच, म्हातारीला किती ताटकळत ठेवायचं ह्या विचाराने, मोठ्याने बोललं. ते आम्हाला स्पष्ट ऐकू आलं. "अरे, भांडता कशाला? आपण शाफई. आपल्या मजहबात जनाज्याची नमाज दुसऱ्यांदा पढायला हरकत नाही. ज्यांची राहिली ते नंतर पढू शकतात."

ते खरं होतं. मी नंतर विचारून घेतलं, आम्हा शाफई पंथाच्या लोकांत ती सवलत आहे. लांबून उशिरा पोहोचलेल्या माणसासाठी असते, त्याची नमाज राहू नये म्हणून. दादी इमामाची सून, इमामाची बायको. पण जनाज्याला ती कधी गेलेली नव्हती, तिला हे कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडे सगळ्यांना हायसं झालं ते इकडे कळलं. माणसं सफा लावायला लागली. बारीक आवाजात चार वेळा 'अल्लाहु अकबर' झालं, सलाम झाला. मग थोडी हालचाल, पावलं, आणि जाड आवाजात पुन्हा चार वेळा. फुपीने भिंतीवरचा हात काढला. म्हणाली, "झालं. आईचा तोही उपाय गेला." मांडणीवर थाळा होता. मी त्याला हात लावला नाही.

चाळिसाव्या दिवसाची फातिहा होईपर्यंत दार उघडं राहिलं. मग कपाट आलं.

पुढे माझं लग्न झालं, मी इकडे ठाकुर्लीकडे आले. दावा अजून ठाण्याला आहे असं म्हणतात. मशीद नवी झाली, पंखे आले, ज्यांनी दावा घातला ते सगळे गेले, तरी तारखा पडतात. आता त्यांची मुलं भांडतात. माझ्या शेजारच्या शेवंताबाई एकदा विचारत होत्या, "तुमच्यात नक्की कशावरून आहे हो?" मी सांगायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "अहो, आमच्या गल्लीत जयंतीला दोन स्टेज असतात, समोरासमोर. एका स्टेजवरचा माणूस बोलायला लागला की दुसऱ्यावाले गाणं लावतात. सख्खे मावसभाऊ आहेत." आम्ही दोघी हसलो.

चाचा आधी गेले. रुकैयाच्या पाठीवर पुढे झालेल्या त्यांच्या मुलाने जनाज्याची नमाज पढवली. एकदाच झाली, कारण अब्बांनी दुसरी पढवायला नकार दिला. त्यांच्या बाजूचे लोक रागावले. अब्बा तेव्हा काठी घेऊन चालायचे. ते शेवटच्या सफेत जाऊन उभे राहिले. त्या दिवशी चाचा पुढे होते आणि अब्बा त्यांच्या मागे. घरी आल्यावर मी त्यांना पाणी दिलं आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. "अब्बा, त्या सकाळी उंबऱ्यावर तुम्ही चाचांना काय म्हणणार होता?" त्यांनी पाणी पिऊन पेला माझ्या हातात दिला. म्हणाले, "ते बोलायची वेळ तेव्हाच होती गो." एवढंच. आता तेही नाहीत.

रुकैया महिन्या-दोन महिन्यांनी माझ्याकडे येते, कल्याणहून रिक्षाने. डब्यात सांदणं आणते. दादीसारखी होत नाहीत, आम्ही दोघी दर वेळी तसं म्हणतो. आम्हा दोघींचेही गुडघे गेले, म्हणून नमाजेची वेळ झाली की मुलगा प्लास्टिकच्या दोन खुर्च्या गॅलरीत मांडून देतो, शेजारी शेजारी. आम्ही आपापली नमाज पढतो. आमच्यात पुढे कोणी उभं राहायचं नसतं, मागेही नाही. तिची माझ्या आधी होते, ती थांबते. मग दोघी हात वर करून दादीसाठी दुआ मागतो. एकदाच.